आपले संकेतस्थळ : उभारणी आणि मांडणी



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय छापून आला, त्याच दिवशी एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, "काय हो, संकेतस्थळ कसे उभारावे हा काय व्याख्यानाचा विषय झाला? त्याचे वर्ग तर गल्लोगल्ली आहेत." प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे बरे दिसणार नाही. वर्गात हत्यारे कशी चालवावीत हे शिकवतात, आणि चांगले शिकवतात. परंतु घर कोणासाठी बांधावयाचे, ते कोणाच्या जमिनीवर उभे राहणार, येणाऱ्या माणसाला दार सापडेल की नाही, आणि आपल्या पश्चात तेथे दिवा कोण लावणार, हे प्रश्न वर्गात निघत नाहीत. ते चारचौघांत बसूनच बोलावे लागतात. त्यासाठी आजची संध्याकाळ मी आपल्याकडे मागून घेतली आहे.

माझा अधिकार किती, तेही आधीच सांगून टाकतो. मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. माझ्या वडिलांचा एक लहानसा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या दहाबारा लाकडी केसेस, दोन जुळारी आणि मुद्रिते तपासायला स्वतः वडील, एवढाच त्याचा पसारा. लग्नपत्रिका, हँडबिले, पतपेढीचे अहवाल आणि वर्षातून एक दिवाळी अंक तेथे छापला जाई. पुढे तो छापखाना बंद पडला, मी शिक्षक झालो, आणि निवृत्तीनंतर हौसेने संकेतस्थळे करू लागलो. एका वाचनालयाचे, एका भजनी मंडळाचे, एका कुटुंबाच्या आंब्याच्या बागेचे, अशी काही स्थळे माझ्या हातून झाली. ती करताना मला नवल वाटले ते याचे की, वडिलांनी छपाईविषयी जे सांगितले होते, त्यातले निम्म्याहून अधिक येथे जसेच्या तसे लागू पडत होते.

आपण म्हणाल, "आता स्वतःचे संकेतस्थळ हवेच कशाला? फेसबुक आहे, इन्स्टाग्राम आहे, व्हॉट्सॲपचे गट आहेत. दुकानदार तेथे माल विकतो, कवी तेथे कविता म्हणतो, आणि पैसाही पडत नाही." यात खोटे काही नाही. ज्याला चार गिऱ्हाइके हवीत त्याने बाजारात बसलेच पाहिजे. परंतु बाजारात पथारी पसरण्याची जागा आणि स्वतःचे घर यांत अंतर आहे, आणि ते अंतर पथारी उठवली जाते त्या दिवशी कळते.

जिओसिटीज नावाची एक वसाहत १९९४ साली अमेरिकेत निघाली. तेथे सामान्य माणसांनी आपापली पाने फुकट मांडली. कोणी आपल्या गावाचा इतिहास लिहिला, कोणी गेलेल्या मुलाच्या आठवणी लिहिल्या, कोणी पक्ष्यांच्या याद्या केल्या. अशी पाने लाखांनी झाली. १९९९ साली याहू कंपनीने ती वसाहत विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरात बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढे उतरवून घेतले, म्हणून त्यातले काही आज पाहायला तरी मिळते. आपल्याकडच्या तरुणांची आवडती ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली. गूगल प्लस २०१९ च्या एप्रिलमध्ये मिटले. यात कोणी कोणाला फसवले असे मी म्हणत नाही. मालकाने आगाऊ सूचना दिली आणि आपली जागा मोकळी करून घेतली. जेथे भाडे नाही, भाडेचिठ्ठी नाही, तेथे तक्रार तरी कशाच्या जोरावर करावयाची?

मग स्वतःचे घर बांधणे कितपत अवघड आहे? याचे उत्तर या विद्येच्या जन्मकथेतच आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. जिनिव्हाजवळ सर्न नावाची भौतिकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा आहे. देशोदेशींचे हजारो शास्त्रज्ञ तेथे येत आणि प्रत्येक जण आपल्या पद्धतीचा संगणक वापरी. एकाने लिहिलेले टिपण दुसऱ्याच्या यंत्रावर उघडत नसे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज तरुणाने १९८९ च्या मार्चमध्ये त्यावर एक योजना लिहून दिली. कागद कोणत्याही संगणकावर वाचता यावेत, आणि एका कागदातल्या शब्दावरून दुसऱ्या कागदाकडे जाता यावे, असा तिचा आशय होता. १९९० च्या अखेरीस ती चालती झाली आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेबाहेरच्या जगाला तिची वार्ता कळली. त्याहूनही महत्त्वाचा दिवस पुढेच आहे. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने लेखी जाहीर केले की, ही विद्या कोणीही वापरावी, तिच्यासाठी कोणालाही शुल्क पडणार नाही. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, तेव्हा ही विद्या आपल्या दारात आली ती अशी मोकळी होऊन आली.

ते पहिले संकेतस्थळ सर्नने २०१३ साली त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा मांडले. अगदी प्रारंभीच्या प्रती कोणी जपून ठेवल्या नव्हत्या, म्हणून १९९२ सालची प्रत शोधून काढावी लागली. घरी गेल्यावर आपल्या मोबाइलवर ते अवश्य उघडून पाहा. चित्र नाही, रंग नाही. एक मथळा, काही ओळी आणि दुसऱ्या पानांकडे नेणारे शब्द, एवढेच त्यात आहे. ज्या काळी आजच्यासारखा मोबाइल कोणी पाहिलाही नव्हता, त्या काळचे ते पान आजच्या मोबाइलवर सुरळीत वाचता येते. ओळी आपोआप पडद्याच्या रुंदीला दुमडतात. दोन-तीन वर्षांमागे मोठा खर्च करून केलेली कित्येक स्थळे मात्र आज धड उघडत नाहीत. साधेपणात किती टिकाऊपणा असतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता प्रत्यक्ष उभारणीकडे वळू. संकेतस्थळाला तीन गोष्टी लागतात : नाव, जागा आणि पान.

नाव म्हणजे डोमेन. जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला एक आकडी क्रमांक असतो. माणसाला क्रमांक लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आणि क्रमांक यांची एक जागतिक खातेवही आहे; तिची पद्धत १९८३ साली बसली. आपण नाव घेतो म्हणजे त्या वहीत आपली नोंद करतो. शेवटी डॉट कॉम घ्यावे, डॉट इन घ्यावे, किंवा २०१४ पासून देवनागरीतले डॉट भारतही घेता येते. मात्र नाव कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीने मिळते आणि मुदत संपण्याआधी पैसे भरून नवे करावे लागते. ही साधी गोष्ट न कळल्याने एका संस्थेचे काय झाले, ते मी जवळून पाहिले आहे. नाव घेण्याचे काम एका उत्साही तरुणाने केले आणि सोयीसाठी ते आपल्याच नावावर, आपल्याच ईमेलवर नोंदवले. पुढे तो नोकरीनिमित्त परदेशी गेला. मुदत संपत आल्याची पत्रे त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली. ती कोणी वाचली नाहीत. एके दिवशी संस्थेच्या पत्त्यावर भलत्याच जाहिराती दिसू लागल्या. पत्रिकांवर, पाट्यांवर, पावतीपुस्तकांवर छापलेला तो पत्ता परक्याचा झाला होता. तरुणाचा हेतू चांगला होता, संस्थेचाही होता. चूक एवढीच की सातबारा कोणाच्या नावावर आहे हे कोणी पाहिले नव्हते. म्हणून नाव संस्थेच्या नावावर घ्या, आणि त्याच्या किल्ल्या निदान दोघांकडे ठेवा.

दुसरी गोष्ट जागा, म्हणजे होस्टिंग. आपली पाने ज्या संगणकावर असतात तो रात्रंदिवस चालू आणि जाळ्याला जोडलेला असावा लागतो. त्याला सर्व्हर म्हणतात. तो घरी ठेवण्याचे कारण नाही, त्यावरची थोडी जागा भाड्याने मिळते. येथे चाणाक्ष श्रोता मला अडवील की, "मघाशी आपण भाड्याच्या जागेला नावे ठेवलीत, आणि आता तीच घ्यायला सांगता!" अडवणे योग्य आहे. भेद असा आहे : नाव आपले असेल आणि सगळ्या पानांची पूर्ण प्रत आपल्या घरच्या संगणकावर असेल, तर जागेचा मालक उद्या बदलला तरी आपण बिऱ्हाड उचलून दुसरीकडे मांडू शकतो. पत्ता तोच राहतो. वाचकाला बिऱ्हाड हलल्याचे कळतही नाही. सर्व्हर कोणाचा का असेना, नाव आणि प्रत ही दोन ज्याच्या हाती, तो खरा मालक. जागा घेताना सुरक्षित प्रमाणपत्र मात्र मागून घ्या. २०१५ पासून ते विनामूल्य मिळण्याची सोय झाली आहे.

तिसरी गोष्ट पान. पान एचटीएमएल नावाच्या खुणांनी लिहितात. हे नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. लेखकाचे हस्तलिखित छापखान्यात आले की वडील त्यावर लाल पेन्सिलीने खुणा करीत : हे मोठ्या खिळ्यात, येथून नवा परिच्छेद, हे ठळक. एचटीएमएल म्हणजे त्याच लाल पेन्सिलीच्या खुणा. मथळ्याच्या दोन्ही अंगांना एक खूण, परिच्छेदाच्या दोन्ही अंगांना दुसरी, आणि दुवा द्यावयाच्या शब्दाला तिसरी. साध्या नोटपॅडमध्ये या खुणा घालून ठेवलेले पान ब्राउझर लगेच दाखवतो. बुद्धीने जेमतेम असा विद्यार्थीही एका दुपारी हे शिकतो, हे मी शिक्षकाच्या अनुभवाने सांगतो. रंग, अक्षराचा आकार, समास हे सगळे सीएसएस नावाच्या वेगळ्या कागदात लिहितात. होकन विउम ली यांनी ही कल्पना १९९४ साली मांडली आणि १९९६ च्या डिसेंबरात ती प्रमाण म्हणून मान्य झाली. मजकूर एकीकडे आणि त्याचा पोशाख दुसरीकडे ठेवल्याचा लाभ असा की, उद्या पोशाख बदलावासा वाटला तर मजकुराला हात लावावा लागत नाही.

ज्यांना हेही नको, त्यांच्यासाठी वर्डप्रेससारखी तयार साधने २००३ पासून आहेत. आता तर आपल्याला काय हवे ते साध्या मराठीत सांगितले की यंत्रच पान रचून देते. त्यात कमीपणा काही नाही. जुळारी कितीही हुशार असला तरी मुद्रिते तपासणारा डोळा वेगळा लागतो, तो मात्र आपण द्यायचा. त्या डोळ्याने काय पाहावे, हाच चांगल्या मांडणीचा प्रश्न.

मांडणीचा आरंभ कागदावर करावा. संगणक उघडण्यापूर्वी एक वाक्य लिहा : येथे कोण येणार आणि त्याला काय हवे असणार. आंब्याच्या बागेचे स्थळ करावयाचे ठरले तेव्हा घरच्या मंडळींची इच्छा होती की, पहिल्या पानावर बाग लावणाऱ्या आजोबांचे मोठे छायाचित्र असावे, आणि त्याच्याभोवती हलणारे आंबे असावेत. भावना चांगली होती. मी त्यांना एवढेच विचारले की, मुंबईहून पेटी मागवू पाहणारा माणूस रात्री दहा वाजता हे पान उघडील, तो काय शोधत असेल? आंबा कोणता, पेटी केव्हा मिळणार, भाव काय आणि विचारायचे कोणाला, ही चार उत्तरे पहिल्याच पडद्यावर आली. आजोबांना त्यांचे स्वतंत्र पान मिळाले, आणि गंमत अशी की आंबे मागवून झाल्यावर पुष्कळ लोक ते पान सावकाश वाचतात. ज्याचे काम झाले आहे त्यालाच आपल्या घरची गोष्ट ऐकण्याची सवड असते.

दुसरे पाहायचे ते वाचकाचा वेळ. जेकब नील्सन यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात माणसाच्या धीराच्या तीन मर्यादा सांगितल्या आहेत. एक दशांश सेकंदात घडले तर ते आपल्या हातानेच घडले असे वाटते. एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर मन दुसरीकडे जाते. आता एक हिशेब पाहा. माझे हे सगळे व्याख्यान देवनागरीत लिहिले तर सुमारे पन्नास हजार बाइट भरेल. मोबाइलने काढलेले एक छायाचित्र तीस-चाळीस लाख बाइटांचे असते. म्हणजे सत्कारसमारंभाचे एक न आवरलेले छायाचित्र घालणे म्हणजे वाचकाच्या डोक्यावर साठ ते ऐंशी व्याख्याने एकदम ठेवणे होय! घाटातल्या गावी जेथे जाळ्याचा एकच पट्टा दिसतो, तेथल्या वाचकाला ते पान उघडतच नाही. छायाचित्र लागेल तेवढेच, आणि लहान करून घाला.

तिसरे, अक्षर. वडिलांचे म्हणणे असे की, छपाई चांगली झाली की वाचणाऱ्याला छपाई दिसत नाही. पडद्यावर मजकुराचे अक्षर सोळा पिक्सेलांहून लहान करू नये; देवनागरीला त्याहून थोडे मोठे असलेले बरे. ओळ फार लांब नसावी; साठ-सत्तर अक्षरांपुढे गेली की डोळा परत येताना ओळ चुकतो. दोन ओळींमध्ये अंतर इंग्रजीपेक्षा अधिक हवे, कारण आपल्या अक्षरांना वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, आणि ते एकमेकांना भिडले की मजकूर काळपट दिसतो. छापखान्यात आम्ही त्यासाठी ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत असू. रंगाच्या बाबतीतही नियम आहे. २००८ च्या सर्वमान्य निर्देशांनुसार नेहमीच्या मजकुराचे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे. फिकट राखाडीवर करडी अक्षरे दुकानात शोभतात. साठी उलटलेल्या वाचकाला ती दिसत नाहीत.

चौथे, वाट. बहुतेक वाचक मोबाइलवरून येणार, हे धरूनच चालावे. ईथन मार्कोट यांनी २०१० साली दाखवून दिले की, एकच पान लहानमोठ्या पडद्यांप्रमाणे आपली रचना बदलू शकते. आता तीच सर्वत्र रीत आहे. बटणे बोटाला सापडतील एवढी असावीत. विभागांना लोकांच्या बोलण्यातली नावे द्यावीत. वाचनालयाच्या स्थळावर 'ज्ञानदालन' असे नाव होते. त्यात पुस्तकांची यादी आहे हे कोणालाच कळेना. 'पुस्तकांची यादी' असे लिहिले आणि प्रश्न मिटला. 'येथे टिचकी मारा' असे तर कधीच लिहू नये; टिचकी मारल्यावर काय मिळेल, ते लिहावे.

आता मी माझ्या मनाला सर्वांत लागलेल्या गोष्टीकडे येतो. वडिलांचा दिवाळी अंक पुढे आम्ही मित्रांनी काही वर्षे संगणकावर जुळवून चालवला. सगळे अंक आम्ही तबकड्यांवर जपून ठेवले होते. दहाएक वर्षांनी ते संकेतस्थळावर घालावेत म्हणून तबकडी उघडली, तो पडद्यावर रोमन अक्षरांचा, चिन्हांचा, कंसांचा निव्वळ चिवडा. त्यात आता हयात नसलेल्या माणसांच्या आठवणी होत्या, आणि त्यातले एक वाक्य आम्हांला वाचता येईना. झाले होते ते असे : त्या काळचे मराठी टंक म्हणजे एक प्रकारची वेषांतराची युक्ती होती. संगणक आपल्या समजुतीने इंग्रजी अक्षरच साठवी. टंक त्या अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र दाखवी. टंक हरवला की वेष उतरला. छापील अंकांवरून सगळे पुन्हा टंकावे लागले, आणि दोन वर्षांचे अंक छापीलही मिळाले नाहीत. ते गेले ते गेलेच.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यातच देवनागरीला १२८ घरांची स्वतःची आळी मिळाली. आता 'क' साठवला तर 'क' म्हणूनच साठवला जातो; टंक कोणताही असो. ही अक्षरे जाळ्यातून नेण्याची जी पद्धत आज जगभर चालते, तिची योजना १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदी चटईवर मांडली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन. महाग पडते खरे, पण मघाच्या हिशेबावरून आपल्या लक्षात येईल की एका छायाचित्रापुढे तो खर्च काहीच नाही. तेव्हा मराठी लिहायचे ते युनिकोडमध्येच लिहायचे. आणि पानाच्या आरंभी त्याची भाषा मराठी असल्याची खूणही घालायची; 'एमआर' एवढी दोन अक्षरे त्याला पुरतात. त्या खुणेमुळे काही टंकांत आपल्या वळणाचे 'ल' आणि 'श' उमटतात, आणि पान वाचून दाखवणारे यंत्र मराठी उच्चार धरते. 'दुसऱ्या' या शब्दातला आडवा अर्धा र नीट उमटतो का, हे पाहून मगच टंक पसंत करावा. मुंबईच्या 'एक टाइप' मंडळींचा 'मुक्ता' यासारखे चांगले टंक आता मोफत वापरता येतात, त्यामुळे वाईट अक्षराला सबब उरलेली नाही.

वाचून दाखवणाऱ्या यंत्राचा उल्लेख झाला, तेव्हा माझी एक चूक कबूल करतो. वाचनालयाचे स्थळ सुरू झाल्यावर एका गृहस्थांचा मला फोन आला. त्यांना दिसत नाही; ते एनव्हीडीए नावाची प्रणाली वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली ती तयार करण्यास प्रारंभ केला, आणि ती विनामूल्य आहे. ते म्हणाले, "गुरुजी, तुमचे पान माझ्याशी फक्त 'प्रतिमा, प्रतिमा, प्रतिमा' एवढेच बोलते. वाचनालय किती वाजता उघडते, ते मला कळेना." मी वेळापत्रकाचा फलक मोबाइलने टिपून जसाच्या तसा चिकटवला होता, सभांच्या सूचनाही तशाच. मला वाटले होते की काम झटपट उरकले. वस्तुतः ज्या माणसाला वाचनालयाची सर्वांत अधिक ओढ, त्याच्याच तोंडावर मी दार लावले होते. त्या रात्री सगळे फलक मी अक्षरांत टंकून काढले आणि प्रत्येक छायाचित्रामागे त्याचे वर्णन एका वाक्यात लिहिले. त्यासाठी तीन तास लागले. दुसरा लाभ अनपेक्षित होता : चित्रातली अक्षरे शोधयंत्रालाही सहजी उमगत नाहीत; ती मजकुरात आल्यावर परगावचे लोकही शोधत शोधत आमच्या यादीपर्यंत पोहोचू लागले. आंधळ्यासाठी केलेली पायवाट डोळसालाही उपयोगी पडते.

शेवटची गोष्ट निगराणीची. घर बांधणे सोपे, झाडलोट अवघड. प्रत्येक पानावर ते केव्हा लिहिले याची तारीख घाला, म्हणजे गेल्या वर्षीची सूचना पाहून कोणी हेलपाटा घालणार नाही. एकदा दिलेला पानाचा पत्ता बदलू नका. बर्नर्स-ली यांनी १९९८ साली यावर एक निबंधच लिहिला आहे. आपण पत्ता बदलला की दुसऱ्यांनी जपून ठेवलेल्या वाटा बुजतात. वाचकाकडून त्याचे नाव, फोन, जन्मतारीख उगीच मागू नका. जे सांभाळता येत नाही ते घेऊ नये, आणि २०२३ च्या कायद्यानेही त्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. १९९६ साली स्थापन झालेला इंटरनेट आर्काइव्ह जगभरच्या पानांच्या प्रती जतन करतो. आपले पान तेथे नोंदवून ठेवा. संस्थेच्या वार्षिक अंदाजपत्रकात नाव आणि जागा यांच्या खर्चाची ओळ घाला. आणि सगळे परवलीचे शब्द एका लखोट्यात बंद करून दप्तरात ठेवा. माणसे जातात, लखोटा राहिला पाहिजे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तो पायंडा महाराष्ट्रातल्या गावोगावी गेला. तेव्हापासून किती विद्वान किती तळमळीने बोलले असतील! त्यातले जे कोणी टिपून घेतले आणि छापले, तेवढेच आज आपल्या हाती आहे. बाकीचे त्या त्या संध्याकाळच्या वाऱ्यावर गेले. आपल्या गावाजवळही असे पुष्कळ आहे. विहिरींची माहिती आहे, जुन्या बियाण्यांची आहे, जात्यावरच्या ओव्या आहेत, दुष्काळाच्या वर्षी कोणी कोणाला जगवले याच्या हकिकती आहेत. त्या सांगणाऱ्यांचे वय आपल्याला माहीत आहे.

म्हणून या सुटीत प्रत्येकाने एकच पान करावे, अशी माझी विनंती आहे. नाव आपले, प्रत आपल्या घरी, अक्षर युनिकोडचे, आणि रचना अशी की शेजारच्या आजींना चष्मा न बदलता वाचता यावी. ते पान सुंदर नाही झाले तरी चालेल. सुबकपणा सवयीने येतो. वाचणाऱ्याचा मान राखला गेला आणि दहा वर्षांनी ते पान उघडले, तर ते चांगले झाले असे खुशाल समजावे. ज्यांना प्रारंभ करताना अडेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला गाठावे. मी येथेच, त्या पायरीवर बसणार आहे.